काहिलीवरची चिलटं

"साखर स्वतःच दोनदा घालायची, आणि वर आम्हालाच म्हणायचं, तुझा हात सैल झालाय."

राजमती वहिनी हे कुणाला उद्देशून बोलत नाहीत. मांडीवरच्या सुपात हरभरा निवडता निवडता त्या सुपालाच सांगतायत. पण सूप आणि शालनचं डोकं यांच्यात वीतभराचंच अंतर आहे, त्यामुळे गाऱ्हाणं जिथं जायचं तिथं बरोबर जातं. शालन सोप्यात वाकळ टाकून आडवी झालीय. दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. भावाच्या घरी हल्ली ते नेहमीच जास्त होतं, कारण ताटावर बसलं की बोलायचे विषय लवकर संपतात आणि मग आग्रह सुरू होतो.

ती डोळे न उघडता "हं" म्हणते. हा हं तिनं गेल्या वर्षभरात चांगला घोटून घेतलाय. त्यात ऐकल्याची पोच असते, पुढचं विचारायची जबाबदारी नसते.

"वय झालं की व्हतंच म्हणा," वहिनी सुपाला समजावतात. सुपाला पटतं. हरभरा सर्रकन एका बाजूला सरकतो.

वय काही झालेलं नाही. शालनचा दादा, आदगोंडा, अजून साठीला टेकलेला नाही. गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या आहे. त्याच्या आधी आण्णा होते, म्हणजे या दोघांचे वडील. गुळव्या म्हणजे उकळत्या काहिलीच्या काठाशी उभं राहून रसाचा गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस. काहील म्हणजे आंघोळीच्या न्हाणीपेक्षा मोठी पसरट कढई, तिच्या पोटाखाली चिपाडांचा जाळ. मागच्या हंगामात एकदा दादा त्या काठावर चढला आणि तिथंच उभा राहिला. भर वाफेत. कशाला चढलो होतो ते त्याच्या ध्यानातून गेलं. पाऊल पुढं टाकायचं की मागं, तेही गेलं. जाळ घालणाऱ्या गड्यानं कमरेला विळखा घालून त्याला खाली ओढलं. तो घरी आला, आणि दिवस मावळायच्या आत सगळी जेवायला बसली तोवर ठरलं होतं की चक्कर आली. घर जैनांचं, अंधार पडल्यावर अन्नाला हात लावायचा नाही, त्यामुळे घरातली बरीच मोठी मोठी बोलणी अशी उजेड जाईल या घाईत उरकली जातात. चक्कर कुणी शोधून काढली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. एकमत मात्र झालं.

चक्कर आलेल्या माणसाला पुढच्या हंगामात काहिलीवर पाठवायला कुणाची हरकत नसते. परवा काहिलीखालचं चुलवाण पेटायचं आहे. नारळ आणून ठेवलाय. दादाच जाणार आहे.

शालन रजा टाकून आलीय ती यासाठी. बोलायचं ठरवून आलीय. एसटीत बसल्या बसल्या वाक्यसुद्धा जुळवलं होतं, बरं जमलं होतं. पण जेवताना दादानं तिच्या भातावर तूप ओतलं आणि म्हणाला, "घे की. माश्यांना घालतीस आणि सोता उपाशी ऱ्हातीस." सगळी हसली. वाक्य भाताबरोबर खाली गेलं.

त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. शालन खरोखरच माश्यांना घालते. कोल्हापुरात एका संशोधन संस्थेत हुपरीकर मॅडमची प्रयोगशाळा आहे, तिथं ती माश्यांचं जेवण शिजवायला म्हणून लागली. रवा, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. थोडक्यात, माश्यांचा शिरा. गुळव्याची मुलगी म्हणूनच घेतली, असं मॅडम पाहुण्यांना चेष्टेनं सांगतात. पुढं सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघून नर-मादी वेगळ्या करायला ती आपली आपण शिकली, मग मऊ कुंचल्यानं त्या निवडायला, मग मोजायला. माश्या म्हणजे घरात केळ्याच्या सालीवर घोंगावतात ती चिलटंच. माणसाच्या मेंदूत जो बिघडलेला पदार्थ साचत जातो आणि माणूस विसरत जातो, तो पदार्थ बनवायची कृती मॅडम चिलटांच्या अंगात उतरवतात. मग त्या एवढ्याशा मेंदूतल्या पेशीही मरायला लागतात. चिलटाला काय आठवतं आणि काय नाही, ते विचारायची सोय नाही. म्हणून त्याला चढायला लावायचं. नळी टेबलावर टक्कन आपटायची, की सगळी तळाशी पडतात. धडधाकट चिलट लगेच वर निघतं, त्याचा स्वभावच तो. आजारी निघतं, थोडं चढतं, मध्येच थांबतं. मग कशाला निघालो होतो असं इकडं तिकडं बघितल्यासारखं करतं आणि खाली उतरतं. ठरल्या वेळात किती वर पोचली ते लिहून ठेवायचं.

यात एक गंमत झाली होती. मॅडम एक औषध चिलटांच्या शिऱ्यात घालून बघत होत्या आणि त्यानं आजारी चिलटं चांगली चढायला लागली. खोलीत पेढे वाटले गेले. मग बाहेरून कॅमेरा आला, वेळ यंत्र मोजायला लागलं, आणि औषधाचा गुण नाहीसा झाला. आकडे पुन्हा पुन्हा बघून मॅडमनी कारण शोधलं. कुठल्या आजाऱ्यांना औषध दिलंय, ते झाकून ठेवलेलं असलं तरी शिऱ्याच्या रंगावरून सगळ्यांना कळत होतं, आणि मग मोजणाऱ्याचा हात घड्याळावर जरा उशिरा पडत होता. चढतंय बिचारं, चढू दे. शालनचा पडत होता, विद्यार्थ्यांचा पडत होता, मॅडमचा स्वतःचाही. कुणी कुणाला रागावलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या की आपण सगळी मिळून माश्यांना पास करत होतो.

शालन मात्र त्या दिवशी घरी चालत गेली. तिला सगळ्यांची नावं विसरलेल्या आण्णांच्या खाटेभोवती उभं असलेलं घर आठवत होतं. कोण आलंय बघा, आण्णा. शा. शाल. आणि आण्णांनी "शालन" म्हटलं की एकमेकांकडं बघून हसणारी तोंडं. आज बरे दिसतायत की.

आण्णांना जाऊन आता दोन पावसाळे झाले.

सूप फिरतंय. सर्र, आणि थांबतं. सर्र, आणि थांबतं. दारातून आलेलं ऊन वाकळेच्या कडेवर पडलंय आणि शालनच्या पायाला ऊब लागतेय. वहिनींचं पुटपुटणं आता शब्दांवेगळं झालंय, नुसतीच गुणगुण. ती गुणगुण वाढते. माश्यांच्या खोलीत अशीच असते, कान देऊन ऐकली तर.

माश्यांची खोली गरम आहे. ट्यूबलाइट आहे, कपाटातून नळ्यांच्या रांगा आहेत, प्रत्येक नळीला कापसाचं बूच. दुर्बिणीपुढच्या उंच स्टुलावर आण्णा बसलेत. टोपी घातलेली, धोतर गुडघ्यापर्यंत. पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून ते हलवतायत.

शालनला आश्चर्य वाटत नाही, जरा संकोच वाटतो. इथं बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत.

"चपला बाहेर काढायच्या असतात, आण्णा."

"काढल्यात की."

खरंच, पाय अनवाणी आहेत. आण्णा तिच्याकडं बघतात. तिचं तोंड सवयीनं शा म्हणायला उघडलंय.

"शालन," आण्णा म्हणतात, "दमल्यासारखी दिसतीस."

कुणीही अक्षर दिलेलं नसताना. ती तोंड मिटते. मग दमलेच आहे म्हणते, आणि म्हटल्यावर तिला कळतं की हे फार दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. ती शेजारच्या स्टुलावर बसते. 

आण्णा दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावतात. हे काय, असं विचारतात. ती सांगते की ते माशीचं डोकं आहे, पापडापेक्षा पातळ कापलेलं. डावीकडची धडधाकट, उजवीकडची आजारी. उजवीकडच्या मेंदूत गोल गोल भोकं पडलेली दिसतात, पेशी मेल्या की तिथं पोकळी राहते. आण्णा बराच वेळ बघतात.

"अनारशाला जाळी पडलीय जशी."

"तशीच."

"माझ्या डोक्याला बी पडली व्हती?"

शालन म्हणते की ते बघितलं नाही कुणी, पण असणार. माणसात अगदी अशीच दिसत नाहीत, डोकं आतून सुकत जातं, पण असणार.

"तरीच," आण्णा डोळा न काढता म्हणतात. "आत वारा लागायचा."

तिला हसू येतं. बाप विनोद करायचा, हे ती विसरली होती. शेवटच्या वर्षांनी आधीची सगळी वर्षं झाकून टाकली होती. ती हसते तेव्हा गुळाचा वास येतो. जेवण शिजायला ठेवलेलं आहे बहुतेक, ढवळायला पाहिजे. ती उठते, पातेल्याकडं जाते, आणि पातेलं फार मोठं आहे. त्याच्या पलीकडचा काठ दिसत नाही. ढवळायचा चमचा तिच्या हातात आहे तो वल्ह्याएवढा. कपाटातल्या नळ्यांच्या जागी गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपी, मांडलेत, ओळीनं, गोणपाटात बांधलेले. खाली जाळ धडधडतोय. आण्णा पलीकडं उभे आहेत आणि मळी काढतायत, रसावर येणारा काळा फेस झाऱ्यानं ओढून बाजूला टाकतायत. त्यांचे दंड पुन्हा जाड झालेत.

वर वाफ आहे आणि वाफेत चिलटं आहेत. ढगच्या ढग.

"तू ह्यांना पाळतीस म्हणं," आण्णा विचारतात. "मग पुढं?"

हे त्यांनी जिवंतपणी कधी विचारलं नाही. तिनंही घरात पाळते एवढंच सांगितलं होतं. पाणी गाळून पिणाऱ्या घरात त्याच्या पुढचं कसं सांगायचं, हा प्रश्न तिनं कामाला लागली त्या दिवसापासून पुढं ढकलला होता. मोजून झालेली चिलटं स्पिरिटच्या बाटलीत जातात. त्या बाटलीला खोलीतली पोरं मसणवट म्हणतात. ती बाटली आता गुऱ्हाळाच्या चौथऱ्यावर ठेवलीय, नको तिथं, अगदी मध्यभागी.

"पुढं मरतात," शालन म्हणते.

आण्णा मळी काढत राहतात. मग म्हणतात की काहिलीत पण पडायची. गोड वासाला यायची आणि वाफ लागली की पटापटा पडायची. मळीबरोबर ती काढून टाकताना आपण मनातल्या मनात क्षमा मागायचो. आधी एकेकाची मागायचो, मग एका झाऱ्याची मिळून, मग हंगामाची मिळून एकदाच. माणूस दमतो, म्हणतात.

"तू मागतीस का?"

"बाटलीचं झाकण लावताना," शालन म्हणते. "कधी कधी."

"झालं तर मग," म्हणतात आण्णा, आणि विषय तिथंच मिटतो. इतकी वर्षं अंगावर वागवलेला विषय असा अडीच वाक्यांत मिटलेला बघून तिला जरा राग येतो. मग तो राग पण जातो. तिला बसावंसं वाटतं.

ती बसते ती खाटेच्या कडेवर. ही मागच्या खोलीतली खाट. आण्णा तिच्यावर पाठ टेकून बसलेत, अंगावर तीच चौकड्याची चादर, शेवटी नाकात घातलेली नळी नाही एवढंच. खोलीत घरची सगळी आहेत, पण भिंतीला लागून उभी, आणि त्यांना तोंडं नाहीत. फक्त ओठ आहेत, एखादं अक्षर म्हणायच्या तयारीत थांबलेले.

"बघा की," आण्णा म्हणतात. "आज बी आल्यात पास करायला."

शालन म्हणते की आम्हाला वाटायचं तुम्हाला बरं वाटतं.

"तुम्हाला बरं वाटायचं," आण्णा म्हणतात. त्यात राग नाही. दिवसभर उभं राहिलेला माणूस बोलतो तसं ते बोलतायत, शब्दसुद्धा खाली बसल्यासारखे. "तुम्ही अक्षर दिलं की मी म्हणून टाकायचो. पोरांची तोंडं उजळायची. मग म्हटलं, एवढं तरी जमतंय न्हवं आपल्याला."

"पण तुम्हाला कळायचं? काय होतंय ते?"

ते चादरीच्या चौकड्यांवरून बोट फिरवतात. एका रेषेवरून निघतं बोट, वळतं, दुसऱ्या रेषेवर जातं.

"आधी आधी कळायचं की. लई आधी कळलं मला. तुमच्या आधी." बोट थांबतं. "पाक हुकला त्या दिवशी. गूळ काळा पडला, सगळी म्हणाली ऊस खराब व्हता. मला ठाव व्हतं ऊस चांगला व्हता. मी तोंडाकडं बघत ऱ्हायलो एकेकाच्या. म्हटलं, कुणीतरी म्हणंल. कुणी न्हाई म्हटलं, मग मी बी न्हाई म्हटलं. आणि पुढं पुढं ते म्हणायला शब्दच ऱ्हायले न्हाईत."

शालन चादरीची कड ओढून सरळ करते. ती विचारते की कुणी म्हटलं असतं तर काय झालं असतं? औषध तर नव्हतंच. अजून नाही. मी रोज तेच बघते, आण्णा, अजून नाही.

"औषध कोण मागतंय," आण्णा म्हणतात. "सोबत झाली असती."

खाटेखालचा जाळ धडधडतो. भिंतीशी उभे असलेले ओठ आता वाफेत बुडालेत. शालनला दिसतं की खोलीला भिंत नाही, काठ आहे. लोखंडी, तापलेला, गोल. आणि काठावर दादा उभा आहे.

त्याची पाठ इकडं आहे. खांद्यावर टॉवेल. एक पाय उचललेला आहे आणि तो हवेतच राहिलाय. चिलटं त्याच्याभोवती वर चढतायत, वर चढतायत, आणि मध्येच थांबतायत.

तिला उठायचं आहे. पण ती आडवी आहे, पाठीखाली काहीतरी पांढरं, गार, बारीक छिद्रांचं, आणि त्या छिद्रांतून हवा येतेय. ही जागा ती ओळखते. निवडण्याआधी चिलटांना गुंगी आणायला गॅसच्या ज्या पांढऱ्या पाटावर टाकतात, तो पाट. अंग जड झालंय. डोळे उघडे आहेत आणि पाय हलत नाहीत. ती हाक मारते आणि तोंडातून फक्त "दा" निघतं. पुढचं अक्षर येत नाही. "दा." कुणीतरी तिला ते अक्षर द्यायला हवं. ती आण्णांकडं बघते.

"देणार न्हाई," आण्णा म्हणतात.

"तो पडेल, आण्णा."

"मग बोल."

"मला भीती वाटते." हे कुणाला सांगते, कशाबद्दल सांगते, ते तिलाही धड माहीत नाही. घराची किल्ली जागेवर सापडली नाही की तिला आण्णांची खाट आठवते. ती किल्ली ठेवताना मोठ्यानं म्हणते, किल्ली खुंटीला लावली. एकटीच राहते म्हणून बरं आहे, ऐकायला कुणी नसतं. दादाचं नाव घेतलं की आपलं पण घ्यावं लागेल, एकाच बापाची दोघं. एसटीत जुळवलेल्या वाक्यात हे कुठंच नव्हतं. आता ते उताण्या पडलेल्या तिच्या छातीवर येऊन बसलंय.

आण्णा मान हलवतात. त्यांना ते आधीपासून माहीत असावं.

"एवढं सगळं शिकलीस," ते म्हणतात, पण टोमणा नाही त्यात, कौतुकच आहे. "मला त्या भिंगातून भोकं दाखवलीस. त्याला दाखव. त्यानं अजून बघितली न्हाईत. तो आपला एकटाच आत हात घालून चाचपायलाय."

तेवढ्यात तिचा पदर ओढला जातो. हळूच. मग पुन्हा, जरा जोरानं, कुणीतरी त्याचं टोक मुठीत धरून पिळतंय तसा.

"काय करताय, आण्णा?"

"मी कुठं," आण्णा म्हणतात. त्यांचे दोन्ही हात चादरीवर आहेत. मग ते पाय खाली सोडतात, जमीन लागत नाही, हलवतात. "बघ कोण हाय ते. मी जरा पडतो."

आणि ते कुशीवर वळतात, भिंतीकडं तोंड करून, थकलेला माणूस आपल्या घरी वळतो तसे. पाठीवरची चादर वर-खाली होते. सर्र, आणि थांबते. सर्र, आणि

सूप थांबलंय. ते कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं आहे, रिकामं. ऊन वाकळेवरून उतरून उंबऱ्यापाशी गेलंय. आत स्टोव्हवर चहा उकळतोय, वहिनींच्या बांगड्या वाजतायत. शालनची जीभ टाळूला चिकटलीय. ती कूस बदलते, आणि पदर तिच्याबरोबर येत नाही.

दादा तिच्या उशाशी बसलाय. भिंतीला पाठ, पाय लांब केलेले. त्यानं पदराचं टोक सोडलेलं नाही. तिनं डोळे उघडलेले बघून सोडतो, चोरी पकडल्यासारखं.

पदराच्या टोकाला गाठ आहे. साधी गाठ नाही. गुळाच्या रव्यावर गोणपाट आवळताना मारतात ती, दोन वेढ्यांची, ओढेल तशी घट्ट होणारी. नव्या साडीवर. शालन ती बोटांनी चाचपते. सुटणार नाही सहज.

"ही तू मारलीस?"

"मी." दादा उंबऱ्यावरच्या उन्हाकडं बघतो. "टॉवेलाला मारतो रोज. काय ध्यानात ठेवायचं असलं म्हंजे. नंतर गाठ दिसती, पण कशाची मारली ते कळत न्हाई." तो जरा हसतो. "म्हटलं तुझ्या पदराला मारावी. तू विचारशील तरी."

शालन उठून बसते. केस मागं घेते. तिला रडू येत नाही, फक्त सगळं अंग रात्रभर पायपीट केल्यासारखं दुखतंय.

"मग विचारते," ती म्हणते. "कशाची मारलीस?"

दादा गाठीकडं बघतो. ओठ हलतात आणि थांबतात. त्याच्या कपाळावरची शीर फुगते. अंगणातून शेजारचं एक कोंबडं पंख फडफडवत जातं आणि त्याची नजर त्याच्यामागं जाते, पार कुंपणापर्यंत. आतून वहिनी कपबशा घेऊन येतात, दारात थबकतात, एका नजरेत त्यांना सगळं कळतं आणि मदतीला त्यांचं तोंड उघडतं. चुलवाणाचं म्हणत असतील, नारळाचं म्हणत असतील. शालन त्यांच्याकडं न बघता हात वर करते. वहिनी थांबतात. बशीत चहा सांडतो.

दादाची नजर कुंपणावरून परत येते. वाटेत थांबते, निघते, थांबते. शालनच्या तोंडापर्यंत येते.

"आण्णांना झालं ते मला झालंय," तो म्हणतो. "तुम्हाला सगळ्यांना ठाव हाय. परवा मला काहिलीवर पाठवू नका."